निशाणी चार

इरिंजालकुडाच्या कोर्टामागे, सुपारीच्या वखारीवर
आमच्या वकिलांची एक खोली. मी तिथला कारकून.
रोसिलीचेची पहिल्यांदा आली तेव्हा
पिशवीतून आधी केळी काढली, मग छत्री,
मग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली ठेवपावती:
पुलरी फायनान्शियर्स, भागीदारी पेढी,
तीन लाख चाळीस हजार, चौदा टक्के,
मुदत संपली जून अठ्ठ्याण्णवला.

कुवेतच्या इस्पितळात अकरा वर्षं रात्रपाळी.
म्हणाली, "माझी झोप आहे ती.
व्याजासकट पाहिजे."

पेढीच्या जागी आता टाइल्सचं दुकान.
तिघं भागीदार. लोनप्पन वारला.
वारुण्णी म्हणे, मी केव्हाच निवृत्त, देवस्सीला विचारा.
देवस्सी म्हणे, पैसा बाजारात अडकलाय,
बाजार उठला की देतो.
तो तर केव्हाच उठला होता.

वकिलांनी बोटांवर वर्षं मोजली.
डिसेंबरची दोन तारीख, साल दोन हजार तीन.
ठेवीची मुदत संपली की पैसे मिळतात,
दाव्याची संपली की जातात,
हे ते हळू आवाजात सांगतात, डॉक्टरांसारखं.
चेची नर्स. असं वाक्य दुसऱ्यांना ऐकवायची सवय होती तिला.

मी चहा सांगायला उठलो
आणि दारातून सहज विचारलं,
कुणी काही लिहून दिलं होतं का? चिठ्ठीचपाटी? सहीचं?
"नाही," ती म्हणाली.
जिना अर्धा उतरून परत वर आली.
"नाताळचं कार्ड चालेल?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने घेऊन आली.
गोठा, तारा, कापूस चिकटवलेली मेंढरं,
चमकी आमच्या टेबलभर सांडली.
आत देवस्सीचं तिरकं मल्याळी अक्षर:
नाताळ सुखाचा जावो. तुमचे तीन लाख चाळीस
आम्ही बुडवणार नाही, थोडा धीर धरा.
पुलरीतर्फे, देवस्सी.
वीस डिसेंबर, दोन हजार.

वकिलांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
"कर्ज कबूल, सही आहे, तारीख आहे,
आणि जुनी मुदत संपायच्या आतली आहे.
इथून तीन वर्षं नव्याने मोजायची."
मग कॅलेंडरकडे पाहून,
"सतरा दिवस. आण रे स्टँपपेपर."

पुढचं सगळं लांबलं, लांबतंच.
देवस्सीचा वकील म्हणाला, सदिच्छा म्हणजे हिशेब नव्हे.
वारुण्णीने निवृत्तीचा करार दाखवला, लाल फीत बांधलेला.
न्यायाधीशांनी विचारलं, वर्तमानपत्रात दिलं होतंत?
नाही.
"म्हणजे पेढीला सांगून निघालात,
गावाला सांगायचं राहिलं."

हुकूमनामा साडेचार वर्षांनी,
आणि हुकूमनाम्याने काही बाजारहाट होत नाही.
मग दरखास्त. बेलीफ देवस्सीच्या फाटकाशी:
कुलूप, कुत्रा, पुन्हा कुलूप.
शेवटी वारुण्णीची जायफळाची बाग जप्तीला लागली.
त्याच्या बायकोने बेलीफला ताक दिलं,
म्हणाली, मला यातलं कुणी काहीच सांगितलं नाही.
हे मी चेचीला सांगितलं.
ती बराच वेळ छत्रीची काडी सरळ करत बसली.
मग म्हणाली, "हप्ते घेऊ. बाग राहू दे."

हप्ते कोर्टातून यायचे, कधी यायचे नाहीत.
शेवटच्या पावतीवर तिने सही केली
तेव्हा तिचे केस पांढरे होते, वकिलांचे गेलेले.
केळी ठेवली. निघेना.

"ते कार्ड?"

ते फायलीत, निशाणी चार,
गोठ्याच्या छपरावर कोर्टाचा जांभळा शिक्का.
कशाला हवंय आता, वकिलांनी विचारलं.
"त्या वर्षी तेवढंच आलं होतं,"
ती म्हणाली, खिडकीकडे बघत.

मी अर्ज लिहायला घेतला,
मूळ कागद परत मिळणेबाबत. वर तिकीट लावलं.
कारणाच्या रकान्याशी पेन अडलं.
वकील काही सांगेनात.
मी लिहिलं: वापरासाठी.