नव्वद सेकंदांची मुदत

रात्री दोन चौदाला पहिल्या सर्व्हरनं श्वास सोडला,
पुन्हा घेतला नाही.
दुसऱ्यानं तीनदा हाक मारली. ओ आली नाही.
तेव्हा त्यानं आधी त्याची वीजच तोडवली
(मेलेला अर्धवट उठून त्याच पानावर लिहू लागला
तर दोघांच्या अक्षरांचा चिखल होतो)
मग त्याचा पत्ता अंगावर चढवला
आणि सगळ्या वाटांवर ओरडून सांगितलं:
त्या दाराशी आता मी.

लिएपायाच्या गोदीवर तेव्हा बाल्टिकचा बोचरा वारा.
वरच्या मजल्यावर ऐवार्स एका मासेमारी जहाजाचा कणा आखत होता.
पडद्यावरचा बाण थिजला.
त्यानं कॉफीचा मग उचलला, एवढंच.

नव्यानं प्रत्येकाला एक पाकीट धाडलं,
मुद्दाम चुकीच्या क्रमांकाचं.
पलीकडून उत्तर येतं, हे काय भलतंच?
की म्हणायचं, तो धागा तुटला, नवा बांध.
नाहीतर वाट पाहणारा पाहतच बसतो
मेलेल्याच्या उंबऱ्याशी.

यापुढचं मला फार आवडतं.
नव्याला काहीच आठवत नसतं:
कुणी काय उघडलं होतं,
कुठल्या कुलपाची किल्ली कुणाच्या खिशात.
तो दार अर्धंच उघडतो, नव्वद सेकंद.
जुनं असेल ते सांगा. नवं काही मागू नका.
ते सांगतात.
तो मानतो.

मार्चमध्ये गुनवाल्दिस गेला,
एकोणीस वर्षांचा कारभार डोक्यात घेऊन;
वहीत ओळ नाही.
मी त्याच्या खुर्चीत बसले आणि माणसं येऊ लागली.
रंगकामाची वेल्गा: त्यानं मला जुना प्रिंटर कबूल केला होता.
फाटकावरचा राखणदार: माझा पासवर्ड त्यालाच पाठ होता, बाई.
हिशेबातले म्हातारे यूर्गिस:
खिडकीतली कुंडी माझी.
कुंडी गुनवाल्दिसनं माझ्यादेखत विकत घेतली होती.
मी उचलून दिली.
पाणी किती घालायचं, तेही सांगितलं.

दोन सोळाला बाण हलला.
कण्याची रेघ जिथं थांबली होती
तिथूनच पुढं निघाली.

दुपारी सूपाच्या रांगेत ऐवार्सनं विचारलं,
सार्मीते, रात्री जरा अडखळलं का गं काही?
मी म्हटलं, हो,
जरा.