चुंबक काढू नये

बाहेर सेहेचाळीस. कार्गो शेडमधला पंखा
गरम हवा इकडून उचलून तिकडे ठेवतोय.
दुपारच्या विमानाला चाळीस मिनिटं,
आणि काउंटरवर, संत्र्यांच्या खोक्यात,
एक पट्टा.

हे खोकं चालणार नाही, मी म्हटलं,
भोकं आहेत याला. जाड पुठ्ठ्याचं आणा,
चार फुटांवरून पडलं तरी आतलं हलायला नको.
त्यानं मान डोलावली. मानकू कुळमेथे, वनमजूर.
खिशाला पेन, पेनाला टोपण नाही.
"साहेबानं पाठवलं जी. देहरादूनले जायचं हाये."

मग माझे प्रश्न.
बॅटरी उपकरणात बसवलेली की सोबत सुटी?
बसवलेली.
लिथियम आयन की लिथियम धातू?
त्यानं घामानं मऊ झालेला कागद पुढे केला. धातू.
म्हणजे चार्ज होत नाही. एकदाच काय ते जगायचं.
सेल दोन. वजन इतकं इतकं.
मी लेबल काढलं: लाल तिरप्या रेघांची चौकट,
पेट घेतलेल्या सेलचं चित्र, खाली तीन शून्य नऊ एक.
अकरा वर्षं चिकटवतेय,
अजून जरा कलतंच.

उपकरण बंद आहे का?

"बंद हाये. हा चुंबक दिसते न, टेपनं लावला?
हा हाये तोवर झोपते.
काढला का उठते."

चुंबकाचाही नियम आहे, विमानातल्या होकायंत्राला चालत नाही.
पण हा वाटाण्याएवढा. मी सोडला.

पट्टा कोणाचा, याला माझ्याकडे रकाना नाही.
त्यानंच सांगितलं.
उमरेडच्या अंगाची वाघीण. नाल्यावर दुसरीशी जुंपली.
तीन दिवस पट्टा एकाच जागेवरून बोलत होता.
"जित्ती असली तं सावकाश वाजते, मॅडम.
हालली नाई का मंग भरभर.
जलमभर घाई नोती तिले,
मेल्यावर घाई."

नुकसान झालेली बॅटरी विमानानं जात नाही.
फुगलेली, गळलेली, ठेचलेली, टोचलेली.
दाताचं कुठे लिहिलेलं नाही.
पट्ट्यावर चार खुणा होत्या,
पाचवी डबीवर.
मी नख फिरवलं. अडकलं.
परत फिरवलं.
"वरवरचं हाये जी."
असेल. नख मात्र अडकत होतं.

बक्कलात एक केस होता. पिवळट, मुळाशी पांढरा.
केसाला वेगळं खातं, वेगळा कायदा, वेगळी शिक्षा.
मी त्याच्याकडे पाहिलं, तो केसाकडे.
त्यानं पिशवीतून पंचनाम्याची प्रत काढली,
केस घडीत ठेवला, घडी होती तशी घातली,
जणू तो मजकूर लिहायचा राहून गेला होता.

मी शिक्का मारला. अस्वीकृत.
रस्त्यानं बघा, वाडीतून ट्रक जातात,
पण त्यांनाही ही खूण दाखवा. लपवू नका.
"लपवून कायले?" तो म्हणाला.
"चालू तं हाये न, पाहून घेतो.
नाई तं साहेब म्हनन, तिकडं नेऊन बिघडवलं."
आणि रिसीव्हर काढून त्यानं
मी काही बोलायच्या आत चुंबक सोलला.

टिक्‌टिक्‌टिक्‌टिक्‌

भरभर.
मोबाइलच्या पेट्या रचणारा जावेद
पेटी हातात धरून तसाच.
वजनकाट्यावर कुणाचं तरी वजन
लाल आकड्यांत थरथरत राहिलं.
धावपट्टीवर विमान उतरलं, शेडचे पत्रे हादरले,
आणि त्यातूनही ते ऐकू येत होतं.

माझ्या फॉर्मवर एक प्रश्न भरायचा राहिला होता.
शिक्का पडल्यावर त्याची गरज नसते.
वाहतुकीदरम्यान उपकरण चुकून सुरू होण्याची शक्यता?
मी लिहिलं: चुकून नाही.

मग ड्रॉवरमधली आमची टेप काढली, लाल अक्षरांची,
चुंबकावर तीन वेढे दिले.
शांत झालं.

त्यानं अंगठ्यानं टेप दाबून पाहिली.
"मजबूत हाये जी हे," तो म्हणाला,
"थोडीशी आनखी भेटन का?
अजून दोन पट्टे फिरून राहिले जंगलात."