फट

मे महिन्यात मेडिकल चौकातलं डांबर
चप्पल धरून ठेवतं,
आणि मी आत बसून बर्फ फोडते.
मेंदूला गारवा लागतो, हरकरे सर म्हणतात,
उंदराचा का असेना.

ब्लेड इतकं हळू सरकतं
की एक काप निघेस्तोवर कूलरची टाकी अर्धी होते.
चारशे मायक्रॉनची चकती,
खारट पाण्यात, ऑक्सिजनच्या बुडबुड्यांत
आपल्या उंदराशिवाय
सात-आठ तास जगते.
मग मी पाण्यातलं मॅग्नेशियम काढून घेते.
घालत काही नाही. काढून घेते फक्त.

विसाव्या मिनिटाला पडद्यावरची रेघ शहारते.
या इलेक्ट्रोडवर, मग शेजारच्या,
मग त्याच्याही शेजारच्या,
सेकंदाला दहा सेंटीमीटर,
मुंगीपेक्षा जरा घाईत.

सुगतला पहिल्यांदा आली ती सक्करदऱ्याच्या बाजारात,
वांग्यांच्या ढिगाशेजारी.
कुणी जोडा हुंगवला, कुणी मुठीत किल्ल्या कोंबल्या.
आई तेवढी मोठ्यानं आकडे मोजत होती.
एकशे चाळीसला तो थांबला.
कॅलेंडरच्या मागे तिनं ते लिहून ठेवलं,
तारीख, वेळ, आकडा, आणि पुढे: वांगी राहिली.
आमच्या घरातली पहिली नोंदवही तीच.

आज सर म्हणाले, चकती मधोमध काप. आरपार.
एकही तंतू जोडलेला राहू नये.
कापली. दोन्ही तुकडे पुन्हा शेजारी टेकवले.
लाट आली, कापापर्यंत आली
आणि सरळ पलीकडे गेली.
मी तीनदा भिंगाखाली पाहिलं.
धागा नाही, पूल नाही,
नुसतं अंगाला अंग लागून असणं.

मला नवल वाटायला हवं होतं.
पण कामठीच्या पाहुण्यांना सुगतचं कुणी सांगितलं
हे आजवर कळलेलं नाही.
आमच्याकडून तर कुणीच
कुणालाच.
तरी आठ दिवसांत पत्रिका परत आली,
न उघडल्यासारखी नीट घडी घालून.

चिमट्यानं तुकडे केसभर लांब केले.
लाट इकडे उठली, इकडेच विरली.
पलीकडे सपाट रेघ,
आणि मध्ये एवढीशी पाण्याची फट.
वहीत मी फटीचं माप लिहिलं.
घरचं माप मला घेता आलं नव्हतं.

रात्री फोन करते. गोळी घेतली का रे?
हाव ताई, घेतली.
मग तोच विचारतो, रोजच्यासारखा,
आज उंदराला किती?
सतरा.
हरला बिचारा, म्हणतो.