ऐच्छिक

डिसेंबर संपता संपता भोपाळहून यादी येते
आणि मी ती पुन्हा टाईप करते, आमच्या लेटरहेडवर.
अठ्ठावीस वर्षं. आस्थापना शाखा, दुसरं टेबल,
खिडकीतून खंडवा रोडची धूळ.

सार्वजनिक अवकाश वर, ऐच्छिक खाली.
ऐच्छिक म्हणजे पन्नासेक सण
आणि त्यातून निवडायचे तीन.
इतकी काटकसर देवांनीही पाहिली नसेल.

रंगपंचमीची स्थानिक सुट्टी असते.
नसती तरी गेर निघाल्यावर राजवाड्याकडून
कुणी पांढरा शर्ट पांढराच घेऊन
कामावर पोचला नसता.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला सुट्टी नाही.
मी पुरण वाटून, नखांत हळद घेऊन
साडेअकराला मस्टरवर सही करते
आणि साहेब घड्याळाकडे बघत नाहीत.
एवढीच माझी धार्मिक सवलत.

थावरिया डामोर, माळी, भगोऱ्याला अर्जच देत नाही.
नुसता जातो.
आठवड्यानं येतो, ओठ लाल, अंगात नवं जाकीट,
आणि कारणाच्या रकान्यात
दर फाल्गुनात मी लिहिते: ताप.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले हातिम साबूवाला
मात्र अर्ज देतात, सुवाच्य अक्षरात, महिनाभर आधी.
बोहऱ्यांची ईद यादीतल्या ईदच्या आदल्या दिवशी.
"आमचा महिना हिशेबाचा, मॅडम,
चंद्राची वाट नाही बघत."
यादीत ईदपुढे लिहिलेलं असतं: चंद्रदर्शनानुसार.
म्हणजे शासन आभाळाकडे बघतं
आणि हातिमभाई गणिताकडे.

यंदा नव्या कुलसचिवांनी शेरा मारला:
या दिवशी ईद नाही. पुरावा जोडावा.
काय जोडणार?
सियागंजातल्या दुकानाचं कॅलेंडर जोडलं,
अत्तराच्या जाहिरातीसकट.
माझ्या फाईलला आठवडाभर वास होता.
रजा मिळाली. आकस्मिक, एक.

आणि धापूबाई.
यादी नोटीस बोर्डावर लागली की
झाडू भिंतीला टेकवून विचारते,
"बई, अबके कित्ती छुट्टी?"
दहा वर्षं मी हसून आकडा सांगितला.
बावीस! चोवीस! जणू मीच वाटतेय.
ती बोटांवर मोजायची, मला वाटायचं आनंदानं.
एकदा नीट पाहिलं तर
ती वजा करत होती.
दैनिक वेतन.
कुणाचाही देव जन्मला की तिचे चारशे बारा गेले.
कुणी मोठा माणूस मेला, तरी गेले.

तर त्या दिवशी, यादीतल्या ईदला, सगळं बंद.
हातिमभाईंची ईद कालच होऊन गेलेली,
घरी बसून काय करायचं, म्हणून ते आले.
किल्ली त्यांच्याकडेच असते.
डब्यात उरलेली शेवई.
गेटवर धापूबाई उभी,
कुलूप उघडतंय का बघत.
तिनं दिवसभर बेसिनं घासली,
काचेची भांडी धुतली, एकही फुटलं नाही,
आणि त्यांनी तिची हजेरी लावली,
वेळेसकट, खाली पूर्ण सही.

मे महिन्यात वेतन शाखेचा कागद आला:
दिनांकित अवकाश असता
उपस्थिती कशी? खुलासा व्हावा.
कागद फिरत फिरत माझ्या टेबलावर.
हातिमभाईंनी फोनवर एवढंच विचारलं,
"मॅडम, माझ्यामुळे तिचं काही अडेल का?"
स्वतःचं विचारलंच नाही.

मी पंख्याखाली कागद दाबून धरला.
अठ्ठावीस वर्षं मी
फक्त दुसऱ्यांनी ठरवलेल्या तारखा टाईप केल्यात.
पेन उचललं.
प्रयोगशाळा निकडीच्या कामासाठी चालू होती.
कर्मचारी हजर. समक्ष तपासले.
वेतन द्यावे.

समक्ष, असं लिहिलं.

त्या दिवशी मी घरी होते,
कूलरपुढे, कैरीची डाळ खात,
पगारी.