दोन फाका

आबांची शेवटची लाकडी होडी
पडवीत पालथी घातली.
जैतापूरच्या इद्रीसभाईंना अशाच सहा हव्यात, फायबरच्या.
तिचं पोट काठाशी आत वळतं,
साचा एका तुकड्यात सुटणार नाही,
कण्यावरून दोन फाका कराव्या लागतील,
मी जेवताना सांगितलं.
आबा म्हणाले, फणसासारक्यो?
फणसासारख्या.

पुटी. पाणपेपर. चारशे, आठशे, बाराशे.
तारामुंबरीच्या खाडीवरून येणारा खार पुसून
मेणाचे सात हात.
कण्यावर प्लायची उभी भिंत,
फटीत भरायला अन्वयची रंगीत माती.
त्याचा हिरवा हत्ती त्यात गेला.

पहिल्या दिवशी हवा दमट होती.
रेझिन संध्याकाळपर्यंत काकवीसारखं चिकट.
सगळं खरवडून टाकलं. चार हजार गेले.
आबा काही बोलले नाहीत.
लाकडाला असं होत नाही, हेसुद्धा नाही.

कपडे वेगळे धुतले तरी
काच कुंदाच्या मनगटात शिरली.
रात्री खोबरेल चोळताना मी सांगत होतो:
बोल्टांची भोकं दोन्ही फाका जोडलेल्या असतानाच पाडायची,
एकदा सुटल्या की जन्मभर जुळत नाहीत.
ती इतकी हसली की अन्वय जागा झाला.

मग बांबूच्या पाचरी, फटीत कोमट पाणी,
रबरी हातोडी, हळू.
आत कुठेतरी चर्र झालं
आणि फाक सुटली,
काळी, ओली, विहिरीसारखी चकचकीत.

आबांना हल्ली कडेचं दिसतं, मधलं नाही.
त्यांनी हात आत घातला,
आपल्याच होडीची बाहेरची बाजू
आतून चाचपत गेले,
नाळेपासून तीन वीत अंतरावर थांबले.
'हंय माजो वाकस घसारलो होतो.'

तो खड्डा मी पुटीने बुजवला होता.
पुटी वाळताना केसभर बसली असणार.
साच्यात त्याचा उंचवटा झाला होता,
मला डोळ्यांनी दिसत नव्हता.
घासूया काय? मी विचारलं.
बोट तिथेच ठेवून आबा म्हणाले,
'इद्रीसाक इचार.'

विचारलं नाही अजून.
फाका बोल्टांनी जोडून उन्हात मुरायला ठेवल्या,
वास उडाला,
आठव्या दिवशी आत मांजर व्याली. चार.
फोन येतो, होडी कधी?
कुंदा उचलते,
म्हणते, अजून डोळे उघडायचेत.