अंगठ्याची खूण

कलाविभागाच्या तळघरात स्लाइड-लायब्ररी.
खिडकी नाही. पंख्याची घरघर,
आणि खणाखणांत दाटीवाटीने उभे
ऐंशी हजार चौकोनी डोळे.
विद्यापीठ हे सगळं आता काढून टाकणार.
आठवड्याला बारा तास, तासाला पंधरा डॉलर,
कुणाला ठेवायचं ते मी ठरवायचं.

सोबतीला डोम्ब्रोवस्की.
इथेच, रोचेस्टरमध्ये, फिल्मच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मिट्ट काळोखात काम केलेला माणूस.
अजूनही स्लाइड आधी बोटांनी बघतो.
"ही चकचकीत बाजू, ही मंद बाजू.
आणि हा लाल ठिपका.
उजव्या अंगठ्याखाली आला की पडद्यावर जग सुलट."

खण एकशे सत्तर.
'पत्र लिहिणारी स्त्री. पश्चिम भारत, अंदाजे १८९०.
चित्रकार अज्ञात. मूळ चित्राचा ठावठिकाणा नाही.'
ही माझी. प्रबंधाचं दुसरं प्रकरण,
बेचाळीस पानं, एकशे अकरा तळटीपा,
सगळा डोलारा तिच्या डाव्या हातावर,
ज्या हातात टाक आहे.

सेमिनारमध्ये हॅलोरनबाई चष्मा काढून म्हणाल्या होत्या,
"डावा हात! ही तर अवज्ञा."
मी लगेच मान डोलावली.
का नाही डोलावणार? मी डावखुरी.
पहिलीत बोटांवर पट्टी,
तीर्थ घेताना मावशीचा चिमटा,
पंगतीत वाढताना कुणीतरी हातातली पळी काढून घेतलेली.
आमच्या भाषेत नकोशा माणसाला डावलतात
आणि मुलीचं लग्न झालं की ती उजवली.
हे सगळं मी त्या बाईला देऊन टाकलं होतं.
तिने पेललंही होतं, मुकाट,
मराठी न कळणाऱ्या नऊ जणांसमोर.

रविवारी आईला फोटो पाठवला.
आई मिरजेत साड्यांना फॉल-पिको करून देते.
तीन मिनिटांत उत्तर:
'छान आहे. पण उलटी का?'
म्हणजे?
'अगं नथ उजव्या नाकपुडीत. पदर उजव्या खांद्यावर.
आपल्यात कोण नेसतं असं?'
आणि खाली: 'जेवलीस का.'

नाही जेवले.
दोन वर्षं मी त्या बाईकडे बघत होते.
रेषा, छटा, अवकाश, नजरेचं राजकारण.
नथ बघितली होती. नथीवर एक तळटीपही होती.
नथ कुठे आहे ते बघितलं नव्हतं.

सोमवारी डोम्ब्रोवस्कीने काचेवरची पट्टी सोलली,
फिल्म चिमट्यात धरून दिव्याखाली तिरकी केली.
"हं. कुणीतरी घाईत होतं.
सत्तर साल असेल, नाहीतर शुक्रवार."
पालथी केली. पुन्हा काच, पुन्हा पट्टी.
पडद्यावर ती आली,
उजव्या हाताने लिहिणारी,
चारचौघींसारखी, जिला कुणी कधी मारलं नसेल.

बाईंना सांगितलं.
त्या बराच वेळ बाहेरच्या पार्किंगकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "मी हे चित्र एकोणीस वर्षं शिकवतेय."
एवढंच. आणि मला चहा विचारला,
जो त्या कधीच विचारत नाहीत.

बेचाळीस पानांतली सहा उरतील.
टाकाची सहा, शाईच्या दौतीची,
आणि त्या पत्राची, ज्यातलं अक्षर
आता सुलट झालंय, तरी वाचता येत नाही.
दोन ओळी. मोडी असावी.
मोडी मला येत नाही. शिकावी लागेल.

स्लाइड 'ठेवायच्या' खोक्यात ठेवली.
नवा लाल ठिपका लावला, नवं लेबल लिहिलं.
'पत्र लिहिणारी स्त्री' इथपर्यंत आले,
तर ओली शाई
नेहमीसारखी माझ्या डाव्या तळव्याच्या कडेला लागली
आणि 'स्त्री'वरची वेलांटी थोडी फरफटली.

डोम्ब्रोवस्की म्हणाला, दुसरं लेबल घे.
म्हटलं, असू दे.