मळीतला दुसरा फेरा

हरिपूर रस्त्याला वीटभट्ट्यांच्या मागं
मळीचा एक पडीक तुकडा आहे.
पोरांनी तिथं फक्कीनं वाट आखलीय:
बांध, ओघळ, दोन आडव्या फळ्या,
मग पाचटातून थेट नदीकडं उतार.
सगळी कॉलेजची. मी एकटी त्रेचाळीसची,
मार्केट यार्डात हळदीच्या काट्यावर
पावत्या फाडणारी.

"काकू, थांबायच्या आधी उतरायचं,"
सन्मती मगदूमनं सांगितलं.
"उजवा पाय मागनं आणा, पळतच जमीन घ्या.
चढताना उडी नको, मांडी सीटवर सरकवा."
तीन रात्री बोळात सराव केला.
शेजारची दारं किलकिली झाली.
कुणी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

हवा कमी ठेवायची. अंगठ्यानं दाबलं
की टायरनं जरा ऐकून घ्यायला हवं.
जन्मभर मी टणक हवेवर फिरले.

पहिला फेरा. फळ्या जमल्या.
रात्री कुणीतरी पाट फोडला होता.
दुसऱ्या फेऱ्यात काळ्या मातीनं चाक धरलं.
आपल्याकडची माती ती,
पाय सोडते, चप्पल ठेवून घेते.
फोर्कात गच्च, ब्रेकात गच्च.
बोटानं उकरली, काडीनं उकरली,
शेवटी सायकल खांद्यावर घेतली
आणि पळाले. म्हणजे, चालले.
वजनाची सवय होती असं म्हणवत नाही,
पोत्यांचं वजन मी फक्त लिहिते.
पहिल्यांदाच काहीतरी तोललं
पावती न फाडता.

शेवटून पहिली आले. चहा मिळाला.

बाबालाल शिकलगारानं सायकलकडं बघितलं,
माझ्याकडं बघितलं,
बादली पुढं सरकवली.
"माती ज्यानं आणली, त्यानं काढायची.
पाइप मारू नका, बेअरिंगात पाणी शिरतंय.
आधी खरवडा, मग चिंधी.
साखळीला दातांचा जुना ब्रश.
रॉकेल आता कुठलं, डिझेल घ्या.
वाळली की एका कडीला एकच थेंब तेल,
वरचं पुसून टाकायचं.
खोबरेल? ते डोक्याला लावा."

थेंब सोडता सोडता कड्या मोजल्या: एकशे बारा.
पुन्हा मोजल्या: एकशे चौदा.
काट्यावरच्या बाईला
असा फरक झोपू देत नाही.
तिसऱ्यांदा मात्र मोजल्या नाहीत.
पेडल उलटं फिरवलं.
आवाज आला नाही.

नखांत हळद होतीच, आता खाली काळं.
रविवारी पुन्हा पाट सुटणार आहे म्हणे.